वाटाण्याएवढे मासे आणि तुमचे हात

बाबा,

तुमचा फोन अजून माझ्याच पर्समध्ये असतो. ऊन तापायला लागलं तसा तो सकाळपासून वाजतो. साऱ्या नागपूरला कूलरची आठवण एकाच दिवशी येते, असं तुम्ही म्हणायचे. खरंच आहे ते. आई म्हणते, "बंद कर वं तो फोन. वाजला का माहे डोये दाराकडंच जातेत." पण मी बंद करत नाही. कोणी "कूलरवाले भाऊ हायेत का?" म्हणून विचारलं की तेवढ्यापुरते तुम्ही कुठंतरी शिडीवर चढलेले असता आणि मी नुसती निरोप घेणारी.

गेल्या रविवारी पिवळ्या बंगल्यातल्या काकूंचा फोन आला. तुम्ही गेल्याचं त्यांना माहीत नव्हतं. मी सांगितलं. मग म्हणाल्या, "अरे बापा! असा कसा गेला वं चांगला माणूस? मागच्या उन्हाळ्यात आला, तर हाताले प्लास्टिकच्या पन्न्या बांधून कूलरले पेंट मारून राहिला होता. मी म्हटलं, भाऊ, हे काय नवीन? तर म्हणे, बाई, ह्या हातानं माह्या घरचे पाच जीव गेले. मी त घाबरलीच. मंग समजलं, मासे होते. पण सांगता सांगता रडकुंडीले आला होता. म्हणे, एक वाचला, तो माह्या पोरीनं वाचवला. शिकेल हाये न ती."

मी फोन ठेवला आणि तिथंच पायरीवर बसले.

बाबा, ते पाच जीव तुमच्या हातानं गेले नाहीत. सहावाही मी वाचवला नाही. हे जगात फक्त मला माहीत होतं, आणि दोन वर्षं मी ते दाबून ठेवलं. आज तुम्हाला सांगायला बसले आहे. पण पहिल्यापासून सांगू द्या. एकदम शेवटचं वाक्य लिहायला गेले की मी कागद बाजूला ठेवते.

तुम्ही बर्डीच्या बाजारातल्या शोभेच्या माशांच्या दुकानाचा कूलर दुरुस्त करायला गेले होते. परत आले तेव्हा स्कूटरच्या हँडलला पाण्याची पिशवी लटकत होती. आईनं पिशवी उजेडात धरली आणि म्हणाली, "हे काय आणलं? वाटाणे?" खरंच वाटाण्याएवढे होते. सहा. पिवळट हिरवे, अंगावर काळे ठिपके, आणि डोळे असे की एक इकडं फिरतो आणि दुसरा तिकडं. पोटं आत गेलेली. दोघांच्या शेपट्या कुरतडलेल्या. दुकानदार म्हणाला होता, दाणा टाकला तरी खात नाहीत, एकमेकांनाच खातात, घेऊन जा, नाहीतर इथंच मरतील.

मी मोबाइलवर शोधलं. पफर. फुग्यासारखा फुगणारा मासा. गोड्या पाण्यातला सगळ्यात छोटा पफर, केरळ-कर्नाटकाकडच्या नद्यांतला.

"म्हणजे आपल्याच देशातला," तुम्ही म्हणाले. "मंग नागपुरात काहून नाही जगन?"

"इथं मे महिन्यात माणसं नाही जगत बाबा."

"माणसायच्या घरी कूलर कोण लावते?"

मी बादली शोधायला उठले.

आपल्या घरात पदवी घेणारी मी पहिली. हे मी न लाजता सांगते, आणि तुम्ही तर माझ्याहून मोठ्यानं सांगायचे. बी.एस्सी.चा काळा गाऊन घातलेला माझा फोटो तुम्ही माशांसाठी आणलेल्या काचेच्या टँकच्या बरोबर वर ठोकला. कशाला म्हटलं तर, "माशायलेही समजलं पाह्यजे, कोणाच्या घरी राह्यतेत ते." तेव्हा लाज वाटायची. मनातून बरंही वाटायचं. झूऑलॉजीची डिग्री घेऊन मी लॅबमध्ये दिवसभर लोकांचं रक्त तपासते. त्या डिग्रीचा घरात काही उपयोग आहे हे पहिल्यांदा त्या सहा माशांनी दाखवलं.

मी सांगितलं, नळाचं पाणी सरळ टाकायचं नाही, बादलीत एक दिवस उघडं ठेवायचं. माशांच्या घाणीतून पाण्यात विष तयार होतं, ते खाणारे जंतू टँकमध्ये वाढावे लागतात, आणि त्यांना महिना लागतो. आपल्याकडं महिना नव्हता. मग लॅबमधल्या मॅडमच्या घरच्या जुन्या टँकमधला स्पंज मी डब्यात घालून आणला. काळाकुट्ट, शेवाळ लागलेला.

"घाण स्पंज आणला?"

"त्या घाणीतच चांगले जंतू हायेत बाबा. धुवायचा नाही."

तुम्ही आईकडं पाहिलं. "तीन वर्षं कॉलेजात हे शिकवलं हिले."

पण लावला. कूलरच्या एका छोट्या पंपाचा जोर कमी करून तुम्ही तो स्पंज असा बसवला की पाणी फिरायचं आणि मासे वाहून जायचे नाहीत. उन्हाळ्यासाठी टँकच्या तोंडावर कॉम्प्युटरमधला जुना पंखा तिरपा लावला. मी थर्मामीटर लावला, तुम्ही पंखा लावला, आणि बाहेर ऊन आग ओकत असताना आपल्या टँकमधलं पाणी अठ्ठावीसच्या वर गेलं नाही. कोणाचं डोकं जास्त चाललं, यावर आपलं कधी एकमत झालं नाही.

खाण्याचं मात्र तुम्हीच शोधलं, हे मान्य. मी दाणे बदलत होते, भिजवत होते, चुरत होते. मासे तोंडात घ्यायचे आणि थुंकून टाकायचे. तुम्ही तीन दिवस कामावरून आले की स्टूल ओढून समोर बसायचे. चौथ्या दिवशी एक मच्छर पाण्यावर पडला, तडफडला. सहाही मासे डोळे फिरवून त्याच्याकडं वळले. तुम्ही मला स्वयंपाकघरातून ओढत आणलं. "पाह्य. हे मेलेलं खात नाहीत. हलन तेच खातेत. शिकारी हायेत हे, भिकारी नाहीत."

आणि हलणारं खाणं तुमच्याएवढं नागपुरात कोणाकडं असणार? ज्या घरचा कूलर उघडाल तिथं पाण्यात मच्छरांच्या अळ्या वळवळत असायच्या. आधी तुम्ही ते पाणी नालीत फेकायचे. आता चहाच्या गाळणीनं अळ्या गाळून बाटलीत भरून आणू लागले. लोक विचारायचे, भाऊ, हे काय नेऊन राहिले? "माह्या घरच्या पाहुण्यायचा नाश्ता."

गोगलगायी मी आणल्या, काटोलहून, आईच्या माहेरच्या संत्र्याच्या बगीच्यातल्या हौदातून. पफरचे दात सारखे वाढतात, कडक कवच फोडलं की झिजतात. डब्यात पाणी, पाण्यात गोगलगायी, डबा मांडीवर, आणि बसमध्ये शेजारची बाई म्हणते, "भाजीचा वास नाही येऊन राहिला, काय हाये वं डब्यात?" मी झाकण उघडून दाखवलं. ती पुढच्या थांब्यावर जागा बदलून बसली.

महिन्याभरात पोटं गोल झाली आणि अंगात मस्ती आली. सगळ्यात जास्त मस्ती त्या एकाच्या, पोटाखाली काळी रेघ असलेल्या नराच्या अंगात. सगळा टँक आपला समजायचा. तुम्ही त्याचं नाव ठाणेदार ठेवलं. मी म्हटलं, पुस्तकी उपाय हा की झाडं दाट लावा, आडोसे करा, म्हणजे एकमेकांना दिसत नाहीत. तुम्ही फुटक्या कुंड्यांचे तुकडे उभे करून गल्ल्या केल्या, वर म्हणाले, "हे त आपल्यातही असते. भावाभावायले एकमेकायचं ताट नाही दिसलं पाह्यजे." पाच जण त्या गल्ल्यांत शांत झाले. ठाणेदार नाही झाला. शेवटी तुम्ही त्याला खिडकीतल्या वेगळ्या छोट्या टँकमध्ये हलवलं. "जाय, एकटाच राज्य कर."

म्हणून तो वाचला, बाबा. भांडकुदळ होता म्हणून. मी काही केलं नाही.

आपलं भांडण त्यानंतर सुरू झालं. तुम्ही मागच्या अंगणातला जुना बंद कूलर पाण्यानं भरून ठेवला. त्याला पंप नाही, पंखा नाही. नुसतं पाणी आणि वर ओलं गवत. मुद्दाम, मच्छरांनी अंडी घालावीत म्हणून. मी विरोध केला. मी रोज डेंग्यूचे रिपोर्ट लिहीत होते. एका आठवड्यात आपल्याच वस्तीतले चार जण.

"बाबा, आपण घरात मच्छर पाळून राहिलो. पाळून! शेजारचं लेकरू आजारी पडलं तर?"

"मी अळ्यायले मोठं होऊच देत नाही न. रोज गाळतो."

"एखादी राहते न!"

"एवढी शिकली आन मच्छरले भेते."

"शिकली म्हणूनच भेते!"

आई मध्ये पडली. तुम्ही चिडून बाहेर गेले. तुमचं एक वाक्य मला लागलं होतं. तुम्ही म्हणाले, "तुह्या रिपोर्टात आकडे असतेत. माह्या डोयायले पाणी समजते." मला वाटलं, माझ्या शिक्षणाला तुम्ही कमी लेखलं. आज वाटतं, तुम्ही फक्त तुमच्याकडं जे होतं ते सांगितलं. तुम्ही खरंच पाणी पाहून सांगायचे, हा पंप किती दिवस चालेल, ह्या टाकीला कुठं गंज धरेल. चौथी शिकलेल्या माणसाची तीच डिग्री होती. ती मी तुमच्या हातून काढून घेतली. ते आता सांगते.

तो शनिवार होता. मी कामावरून येताना नालीत फवारायचं डासांचं औषध आणलं. तुम्ही घरी नव्हते. मी त्या जुन्या कूलरच्या पाण्यात थोडंसं टाकलं. अगदी थोडं. माझा हिशेब असा की सकाळपर्यंत अळ्या मरतील, तुम्हाला एकही हलताना दिसणार नाही, आणि तुम्ही स्वतःच म्हणाल, जाऊ दे, गोगलगायीवरच भागवू. भांडण न करता जिंकायचं होतं मला. बाटली मी कपड्यांच्या कपाटात लपवली. तिच्यावरचं लेबल मी वाचलं नाही. रोज दुसऱ्यांच्या बाटल्यांवरची लेबलं वाचते, आणि ते वाचलं नाही. नंतर वाचलं. मेलेल्या माशाचं छोटं चित्र होतं त्याच्यावर.

रविवारी सकाळी मी केस विंचरत होते. तुम्ही आदल्या दिवशी कोणाच्यातरी कूलरच्या तळाला काळा पेंट मारून आले होते, आणि तो तुमच्या नखांच्या कडेनं राहिलाच होता, नेहमीसारखा. तुम्ही गाळणी आणि काचेचा ग्लास घेऊन आत आले. ग्लास खिडकीच्या उजेडात धरला. अळ्या मेल्या नव्हत्या. औषध कमी पडलं होतं. हलत होत्या, पण झोपेतून उठल्यासारख्या.

"काहून वं रंजू," तुम्ही म्हणाले, "आज हे सुस्त दिसून राहिले?"

मी आरशातून पाहत होते.

"तू त काही टाकलं नाही न कूलरात?"

मी म्हटलं, "नाही बाबा."

मी हा क्षण खूप वेळा उलटसुलट करून पाहिला आहे. भीती होती का? थोडी. लाज होती का? जास्त. पण खरं सांगायचं तर मी त्या क्षणात हिशेबच केला. इतकं पाणी, इतके थेंब, ग्लासात आलं किती, टँकमध्ये जाईल किती. माझं उत्तर आलं, काही होत नाही. डोक्यातल्या डोक्यात, कंगवा हातात असताना. तुम्ही अजून एकदा ग्लासाकडं पाहिलं. तुमचे डोळे तुम्हाला सांगत होते की काहीतरी चुकलं आहे. मग तुम्ही तो ग्लास खाली घेतला आणि म्हणाले, "मंग ठीक हाय. तू नाही म्हणतं त नाही."

आणि टँकमध्ये ओतला.

माझ्या शब्दावर तुमचा इतका विश्वास नसता, तर ते मासे जगले असते.

दुपारपर्यंत पाचही गेले. आधी गोल गोल फिरले, मग आडवे झाले. तुम्ही पाणी बदललं, पंखा जोरात लावला, स्पंज पिळायला निघाले, मी थांबवलं. शेवटचा तुमच्या तळहातावरच गेला. आईनं कढीपत्त्याच्या झाडाखाली खड्डा केला. तुम्ही हात धुवायला गेले आणि परत येऊन दोन्ही हात माझ्यापुढं पसरले, शाळेत नखं दाखवतात तसे.

"हे पाह्य. पेंट. हात न धुता गाळले मी. माह्याच हातानं मेले न?"

तेव्हा सांगता आलं असतं. तेव्हासुद्धा. फार तर तुम्ही दोन दिवस बोलले नसते.

मी म्हटलं, "असंल बाबा."

त्या "नाही"पेक्षा हा "असंल" मोठा गुन्हा आहे. "नाही" घाईत निघून गेलं. "असंल" मी तुमच्या हातांकडं पाहून म्हटलं.

त्यानंतर तुम्ही टँकला हात लावला नाही. मी मोठ्या टँकचं पाणी काढलं, तो घासून महिनाभर उन्हात ठेवला, नवीन स्पंज, नवीन पाणी, नवीन जंतू, सगळं पुस्तकाप्रमाणं केलं आणि ठाणेदाराला त्यात आणलं. तुम्ही मागं उभे होते. मी म्हटलं, "घ्या, पहिली गोगलगाय तुम्ही टाका." तुम्ही म्हणाले, "नको. माहे हात नको. तू शिकेल हायेस, तूच पाह्य." आणि दोन्ही हात पाठीमागं बांधले.

मग रोज तसेच उभे राहायचे. कामावरून आले की आधी टँकसमोर, हात मागं. तो तुम्हाला ओळखायचा. मी गेले तर कुंडीच्या तुकड्यामागून एक डोळा काढून पाहायचा. तुम्ही आले की काचेला येऊन चिकटायचा, वर-खाली पोहायचा, खायला मागायचा. तुम्ही त्याला म्हणायचे, "मले काय मागतं? मॅडमले माग." आणि हसायचे. मीही हसायचे. कशी हसायचे, देव जाणे.

जुना कूलर मी पालथा घातला तेव्हा तुम्ही नुसते बाजूला झाले. वाद मी जिंकले, असं तुम्हाला वाटलं. मलाही काही दिवस तसंच वाटून घ्यावंसं वाटलं.

सांगायचं नव्हतं असं नाही. दर वेळी एक कारण सापडायचं. आधी वाटलं, जखम ताजी आहे. मग वाटलं, आता विसरले असतील, कशाला उकरायचं. तुम्ही आजारी पडले तेव्हा वाटलं, बरे होऊ द्या. शेवटी शेवटी तुम्ही पडल्या पडल्या विचारलं होतं, "त्याले गोगलगाय टाकली? दात वाढतेत त्याचे." मी म्हटलं, टाकली. त्याच्यापुढं एक वाक्य बोलायचं होतं. मी तुमच्या पायावरचं पांघरूण सारखं केलं.

मला वाटलं होतं की ही गोष्ट आपल्या दोघांतच आहे, टँकच्या काचेएवढी. काकूंच्या फोनमुळं समजलं की तुम्ही ती गावभर घेऊन फिरत होते. लोकांच्या शिड्यांवर चढून, हाताला पन्न्या बांधून. आणि प्रत्येक ठिकाणी माझं नाव मोठं करून.

आई छतावर मुंगवड्या घालत होती. मी तिच्याजवळ जाऊन सगळं सांगितलं. शनिवार, औषध, "नाही", "असंल". तिचा पिठाचा हात थांबला.

"म्हणून," ती म्हणाली.

"काय म्हणून?"

"दरसाली माह्याबरोबर वड्या घालायचे. मागच्या साली पिठाले हातच लावला नाही त्यायनं. मी बोलली, आता म्हातारपणी आळस आला का? तर नुसते हसले."

मी रडायला लागले. आईनं जवळ घेतलं नाही. तिचे हात भरलेले होते, पण तेवढंच कारण नव्हतं. पुढची वडी घालत म्हणाली, "मले काहून सांगून राहिली? मी काय माफ करू? ज्यायले सांगायचं होतं, त्यायले सांग." मी उठले तर मागून आवाज आला, "आन आधी त्या काकूले फोन कर. तिले चुकीचं माहीत हाये."

मी केला. तुमच्याच फोनवरून. काकूंना म्हटलं, काकू, बाबांनी माशांचं सांगितलं ते खरं नव्हतं. औषध मी टाकलं होतं. त्यांनी विचारलं तेव्हा मी खोटं बोलले. काकू मग म्हणाल्या, "शिकेल पोरगी असं करन, असं नाही वाटलं." मी म्हटलं, "हो." एवढंच. ते ऐकायचं होतंच मला कोणाकडून तरी.

मग बाकीचे. तुमच्या फोनमध्ये नावं मीच टाकून दिली होती: कूलर वडाजवळ, कूलर शाळेमागे, कूलर दोन मजली. तुम्ही गेल्याचं कळवायचं होतंच. सोबत हेही सांगितलं. तिघांना माशांची गोष्ट माहीत होती. एक आजोबा म्हणाले, "जाऊ दे पोरी, तो तुह्या नावानंच खूश होता." हे त्यांनी मला बरं वाटावं म्हणून सांगितलं. नाही वाटलं. दोन मजली घरातल्या बाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "बरं, मंग आमचा कूलर आता कोण करून देईन?" बाबा, खरं सांगते, त्या दिवशी पहिल्यांदा मला हसू आलं. तुम्ही असते तर तीन दिवस सगळ्यांना हे सांगत फिरले असते.

आपला राहिलेला वादही मी एकटीनंच संपवला. झाकणाची बादली घेतली, झाकण कापून त्यावर बारीक जाळी ताणून बसवली. पाणी दोन दिवस उघडं ठेवते. पाण्यावर अंडी दिसली की जाळी बंद. आतून एकही मच्छर बाहेर येऊ शकत नाही, आणि चौथ्या दिवशी मी सगळं गाळून बादली कोरडी करते. तुमच्या अळ्या पण, माझा नियम पण. इतकी सोपी गोष्ट. त्या वेळी आपण दोघांनी भांडण सोडून अर्धा तास बसून विचार केला असता, तर तुम्हीच ही जाळी माझ्याहून चांगली बसवली असती. मी बसवलेली एका बाजूनं सैल आहे. तुम्ही पाहिली असती तर म्हणाले असते, सायन्सवालीले स्क्रू पकडता येत नाही.

ठाणेदार आता म्हातारा झाला आहे. रंग थोडा उतरला आहे, रेघ अजून काळी आहे. तुम्ही गेल्यावर आठवडाभर तो संध्याकाळी काचेला येऊन थांबायचा, ती तुमची यायची वेळ. मी समोर गेले की कुंडीमागं जायचा. मी काय करायचं ते मला समजत नव्हतं. मग एक दिवस हात पाठीमागं बांधून उभी राहिले. आला.

आज सकाळी बादलीतल्या पहिल्या अळ्या गाळल्या. चहाच्या त्याच गाळणीनं, त्याच ग्लासात. खिडकीच्या उजेडात धरून पाहिलं, तुम्ही पाहायचे तसं. चांगल्या वळवळत होत्या, एकही सुस्त नव्हती. आई दारातून पाहत होती. तिनं विचारलं, "काही टाकलं त नाही न वं त्याच्यात?" मी म्हटलं, नाही. तिनं पुढं येऊन स्वतः ग्लासात पाहिलं. माझ्या शब्दावर सोडलं नाही. बरोबर केलं तिनं.

ग्लास ओतला. ठाणेदार कुंडीच्या तुकड्यावरून आला, एक डोळा माझ्याकडं, एक अळीकडं, आणि झडप घातली.

तुम्ही त्या रविवारी ग्लास उजेडात धरून एक प्रश्न विचारला होता. त्याचं उत्तर राहिलं आहे. हो बाबा. टाकलं होतं. मी टाकलं होतं. तुमचे डोळे बरोबर सांगत होते. तुमचे हात स्वच्छ होते.

— रंजू